समोरची अर्धी ओवी

बिही गेला तेव्हा इज्जाचा धाकटा गेला, असं गावानं म्हटलं. थोरल्याला, इद्देरला, मात्र दिवसामागून दिवस कळत गेलं की भूकंपाच्या त्या दगडांखाली आणखीही काही गेलंय. त्याची आणि आईची भाषा बिहीच्या तोंडात होती. ते तोंड मिटलं, आणि मायलेक दोन काठांवर उभे राहिले. मधल्या नदीवरचा साकव वाहून गेला होता.

दुधाचे दात पडायच्या आतच बापानं इद्देरला डोंगरावरून उतरवून कासाब्लांकाला नेलं होतं. डोंगरातल्या निम्म्या बापांचं असतं तसं त्याचंही तिथं किराणा दुकान होतं. भिंतीतल्या कोनाड्याएवढं, छतापर्यंत डब्यांनी भरलेलं. "दुकानात आपली बोली बोलायची नाही, गिऱ्हाईक हसतं," बाप म्हणायचा. शाळेतली पोरं तर गिऱ्हाइकांपेक्षाही जास्त हसायची. पोरगं शहाणं निघालं. वर्ष उलटलं, दुसरं उलटलं, आणि त्याच्या जिभेवरून आई पुसली गेली. भाकरी, पाणी, ये, जा एवढं उरलं. पाटी पुसल्यावर कोपऱ्यात खडूचं एखादं अक्षर राहतं ना, तसं.

पुढे बाप वारला, दुकान त्याच्याकडे आलं. दर ईदेला तो साखरेचे उंच शंकू आणि चहाचे पुडे घेऊन गावी यायचा. आई एका बाजूला, तो एका बाजूला, आणि मध्ये मांडी घालून बिही. आई बोलायची, बिही ते अरबीत करून द्यायचा.

"आई म्हणते, अंगानं सुटलायस, पण तोंडावर तेज नाही. दुकानातली साखर विकतोस की एकटाच खातोस?"

"हे आई म्हणाली की तू?"

"अर्धं तिचं, अर्धं माझं. तू तुझी वाटणी करून घे."

आणि आई, काय चाललंय ते न कळताही, दोघांकडे पाहून हसायची. तिची भाषा धाकट्याच्या ओठांवरून थोरल्याच्या कानात जाताना ती असं बघायची, जसं पाटाचं पाणी वरच्या वाफ्यातून खालच्या वाफ्यात उतरताना बघावं. पाणी पोचतंय ना, एवढंच तिला पुरायचं.

मग तो भूकंप झाला.

रात्रीच बातमी कळली आणि इद्देर निघाला. रस्ता दरडीनं बुजला होता, तिथं गाडी टाकून तो चालत वर आला तेव्हा सकाळ झाली होती. गाव बसलं होतं. घर मागच्या भिंतीपुरतं उभं होतं, बाकी मातीचा आणि दगडांचा ढीग. त्या ढिगावर आई गुडघ्यांवर बसलेली. बोटांची नखं गेली होती, आवाज बसला होता, घशातून नुसती फाटलेली हवा यायची. त्या हवेत एकच शब्द होता.

"इद्देर. इद्देर. इद्देर."

त्यानं धावत जाऊन तिला कवेत घेतलं. "आई, मी आलो. मी आहे ना." अरबीतच म्हणाला, दुसरं येत कुठं होतं. तिनं जोरजोरानं मान हलवली. त्याच्या छातीवर मुठी मारल्या. त्याचा हात धरला आणि दगडांवर दाबला आणि पुन्हा म्हणाली, "इद्देर." त्याला वाटलं, दुःखानं तिचं डोकं फिरलंय, मी समोर असून तिला दिसत नाही. एवढ्यात जमीन पुन्हा हलली. मागची भिंत झुलायला लागली. त्यानं आईला लहान मुलासारखं उचललं आणि ती लाथा झाडत असताना तसंच खळ्यावर आणलं. खळ्यावरून पळत जाणाऱ्या कुणीतरी अरबीत विचारलं, म्हातारी काय म्हणते? इद्देर म्हणाला, मला हाक मारतेय.

प्रत्येकजण आपापल्या दगडांशी झुंजत होता. या घराकडे माणसं फावडी घेऊन आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. बिहीला बाहेर काढलं. काढणारे एकमेकांशी आपल्या बोलीत काही बोलले आणि गप्प झाले. कुणी इद्देरला ते सांगितलं नाही. त्यानं भावाचा हात हातात घेतला. हात पुरता गार नव्हता. दगड उन्हानं तापले असतील, असं त्यानं स्वतःला समजावलं.

त्या दिवसापासून आई त्याच्याशी बोलली नाही.

गावानं खळ्यावर तंबू ठोकले. इद्देरनं शहरातलं दुकान बंद ठेवलं आणि आईच्या तंबूत राहिला. तो भाकरी पुढे ठेवायचा, ती त्याची पाठ वळेपर्यंत हात लावायची नाही. पाठ वळल्यावरही चिमणीएवढं खायची. मनगटं काठीसारखी झाली होती. मुलगा आत आला की ती तोंड फिरवायची, तेही रागानं नाही, ओळख नसलेल्या माणसासमोर बाई फिरवते तसं. गावातले लोक सलामाला सलाम द्यायचे, पण त्याच्या किटलीतला चहा प्यायला कुणी टेकत नव्हतं. शेजारच्या तंबूत आईची बहीण कलतुमा मावशी होती. तिनं तरुणपणी माराकेशला लोकांच्या घरी चुली सांभाळल्या होत्या, तिला अरबी चांगलं यायचं. इद्देरनं तिला म्हटलं, मावशी, जरा मध्ये बसून आमचं बोलणं करून दे. तर ती म्हणाली, "माझं अरबी भांड्याकुंड्यांचं. ताट वाढ, ताट उचल, एवढंच येतं मला." आणि पदराआड तोंड लपवून निघून गेली.

मग इद्देर रिकाम्या वेळी ढिगाऱ्याजवळ जाऊन बसायला लागला. तिथं बसलं की कानात आईची फाटकी हाक यायची. झोपेतही यायची. आपल्याला एवढ्या मायेनं हाक मारणारी बाई आपल्याशी बोलत का नाही, हे कोडं त्याचं डोकं कुरतडत होतं.

आठवड्याला एक पांढरी गाडी यायची, तिच्यातून डॉक्टर घिझलान उतरायच्या. मनाच्या डॉक्टर. किनाऱ्याकडच्या, मऊ बोलणाऱ्या, बुटांना चिखल लागला तरी कुरकुर न करणाऱ्या. त्या आईसमोर, इज्जासमोर, सतरंजीवर बसल्या आणि इद्देरला म्हणाल्या, "त्यांना विचारा, उदास वाटतं का?"

इद्देर थबकला. उदास. आईच्या बोलीत उदासला काय म्हणतात? पाणी, भाकरी, ये, जा यांत तो शब्द नव्हता. मग त्याला दुकानातली दुपार आठवली. गिऱ्हाईक नसलं की बाप जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायचा, डोंगरातल्या गायकांची, आणि डोळे पुसत बसायचा. हे काय, असं पोरानं विचारलं की म्हणायचा, अमार्ग. ज्यानं डोळे भरतात ते अमार्ग, एवढं इद्देरनं तेव्हा मनात ठेवून दिलं होतं.

"आई," तो चाचरत म्हणाला, "अमार्ग?"

इज्जानं मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

डोंगरातल्या बोलीत त्या एका शब्दात दोन्ही मावतं. माणसाला बसू देत नाही ती हुरहुर म्हणजे अमार्ग, आणि त्या हुरहुरीचं जे गाणं होतं तेही अमार्गच. मुलानं विचारलं, उदास आहेस का. आईला ऐकू आलं, तुझ्या पोटात गाणं आहे का. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली आणि कलतुमाला घेऊन ढिगाऱ्याकडे गेली. दोघी बहिणींनी मिळून जात्याचे दोन्ही दगड, खालची तळी आणि वरची पाळू, उकरून काढले, गडगडत खळ्यावर आणले. पीठ तर मदतीच्या गाड्यांतून पोत्यांनी येत होतं, दळायची गरज कुणालाच नव्हती. तरी इज्जानं मोडक्या कणगीतले मातीमिसळ जव वेचले, पाखडले, आणि तंबूच्या तोंडाशी जातं मांडून बसली. खुंटा फिरला. जात्याची घरघर सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ आवाज आला, अजूनही चिरलेला, पण आवाज.

इद्देर पाणी आणत होता. कळशी हातातच राहिली. त्या गाण्यातलं त्याला काहीएक कळलं नाही, एक शब्द सोडून. इद्देर. पुन्हा एकदा, इद्देर.

आई मला गाण्यातून बोलावतेय, असं त्याला वाटलं. तो धावत जाऊन तिच्या पायाशी बसला, म्हणाला, "आई, मी इथंच आहे." जातं थांबलं. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की ढिगाऱ्यावरच्या त्या सकाळी छातीवर बसलेल्या मुठी बऱ्या. ती उठून आत गेली.

पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. तेवढ्याच दोन ओळी, मग नुसती घरघर, पुन्हा त्याच दोन ओळी. जात्याच्या पलीकडची जागा ती मोकळी ठेवायची. शेजारणी दळण बघायला आल्या, गाणं ऐकलं, आणि एकेक करून मागं सरल्या. त्या जागी कुणी बसेना. डॉक्टर आल्या तेव्हा इद्देरनं त्यांना आनंदानं सांगितलं, आई गाते, गाण्यात माझं नाव घेते. डॉक्टरांनाही बरं वाटलं. मग त्या त्याच्या काळवंडलेल्या डोळ्यांकडे बघून म्हणाल्या, "आणि तुमचं? तुम्हाला झोप लागते का?" तो म्हणाला, माझं काय, मी ठीक आहे.

तो ठीक नव्हता. शेवटी एका सकाळी त्यानं मावशीला गाठलं. ती खालच्या मळ्यात, बदामाच्या झाडांखाली, विळ्यानं गवत कापत होती.

"मावशी, गाण्यात आई काय म्हणते ते सांग. सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"नको हलूस. झाडं आहेत, तसा तूही उभा राहा."

"ती मला हाका मारते, आणि मी गेलो की तोंड फिरवते. त्या दिवशीही हाका मारत होती. मी आलो होतो ना? मी होतोच ना तिथं?"

मावशीचा विळा थांबला. ती वळली आणि कितीतरी वेळ त्याचं तोंड निरखत राहिली. नाणं खोटं की खरं, बघावं तशी.

"तुला हाका मारत होती?"

"इद्देर, इद्देर म्हणत होती."

"पोरा, तुझ्या नावाचा अर्थ काय?"

"अर्थ? बाबांच्या आजोबांचं नाव ते. बाबा सांगायचे."

मावशी मटकन गवतावर बसली. ती बोलायला लागली तेव्हा आवाज इतका हळू होता की त्याला वाकावं लागलं. ती म्हणाली, कुणाच्या आजोबांचं नाही. तुझ्याआधी तुझ्या आईची दोन बाळं पाळण्यातच गेली. तू रडलास तेव्हा सुइणीनं बाहेर येऊन बायांना जे सांगितलं, तेच आईनं तुझं नाव ठेवलं.

"काय सांगितलं?"

"इद्देर. जिवंत आहे. तो जिवंत आहे."

बदामाची पानं हलत होती. खाली दरीत ओढा होता. इद्देरला त्यांतलं काही ऐकू येईना.

मावशी सांगत राहिली, कारण आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. बिही दगडांखालून कण्हत होता. आईनं ऐकलं. तिचा आवाज गेला होता, एवढाच शब्द निघत होता. तू आलास. तुझा हात तिनं दगडावर ठेवला. तू तिला उचलून नेलंस. दुपारी माणसांनी उकरलं तेव्हा अंग अजून ऊबदार होतं. गावाला वाटलं, पोरगं शहरात राहून भित्रं झालं, झुलत्या भिंतीला घाबरलं. तुझ्या आईला वाटलं, ह्यानं ऐकलं आणि सोडून दिलं.

"आणि तुला?" त्यानं विचारलं.

"मलाही तेच वाटलं, लेकरा. स्वतःच्या नावाचा अर्थ ठाऊक नाही असा माणूस असेल, हे कुणाच्या डोक्यात यावं?"

मग तिनं त्याला ती ओवी समजावून दिली, एकेक शब्द उचलून, खडे वेचावेत तशी.

*दगडाच्या पोटी बाई, माझं पाखरू कण्हलं,*
*जित्या लेकाच्या कानी मी इद्देर इद्देर म्हणलं.*

इद्देर उठला. चालत मळ्याच्या टोकाला गेला, जिथं बांध संपतो आणि दरी सुरू होते, आणि तिथं बसला. जन्मभर ज्या शब्दाला त्यानं ओ दिली होती, शाळेत, दुकानात, दारात, तो शब्द एकदाच, एका सकाळी, दुसऱ्यासाठी आला होता. आणि तोही त्यानं स्वतःसाठी घेतला. भावाच्या तोंडचा श्वास आपल्या नावावर करून घेतला. खाली ओढा पांढरा दिसत होता. आपण इथून उठलोच नाही तर बरं, असं त्याला वाटलं. त्याहून पुढचंही वाटलं. त्याच्या डोक्यात कुठलीच भाषा उरली नव्हती, आईची नाही, बाजाराची नाही, आणि भाषा नसलेल्या डोक्यात दरी फार जवळ येते.

पाठीमागून धापा ऐकू आल्या. मावशी शेजारी येऊन बसली. त्याच्या कोटाचा काठ तिनं मुठीत धरला, बकरी धरावी तसा, आणि सोडला नाही.

मग म्हणाली, "आमच्यात जात्यावर एकटीनं ओवी पुरी करत नाहीत. अर्धी गायची आणि थांबायचं. समोर बसेल त्यानं उरलेली पुरी करायची. तिनं अर्धी तुझ्या दारात आणून ठेवलीय, म्हणून दुसरं कुणी तिथं बसत नाही. तू गेलास तर ती मरेपर्यंत तेवढंच गात राहील. किती दिवस लागतील, तिची मनगटं बघून तूच सांग."

"तूच सांग तिला. तुझ्या बोलीत सांग. मला कळलं नव्हतं म्हणून."

"मी सांगितलं तर म्हणेल, बहीण भाच्याला पाठीशी घालतेय. ओवीला उत्तर उसनं चालत नाही."

"मला येत नाही ग, मावशी. एक ओळ येत नाही."

"मग एक शब्द माग."

त्यानं विचार केला. मोठ्या माणसानं रडू नये तसा रडला, आणि मग म्हणाला, "मला माहीत नव्हतं. हे कसं म्हणतात?"

"उर स्सिन्घ," मावशी म्हणाली. "मला माहीत नव्हतं, मला कळलं नाही, सगळं तेच. शेवटचा घ घशातून काढ. दुकानातला नको, डोंगरातला काढ."

"उर स्सिन."

"घ कुठं गेला? तो घ म्हणजेच तू. तो टाकलास तर माहीत नव्हतं, पण कुणाला, तेच कळत नाही."

कोट तिनं तंबूपर्यंत सोडला नाही. पांढरी गाडी आली तेव्हा तीच त्याला डॉक्टरांपुढे घेऊन गेली आणि म्हणाली, आज आधी ह्याचं बघा. इद्देरनं अरबीत सगळं सांगितलं, ढिगारा, शब्द, दरी. डॉक्टर घिझलाननी मध्ये एकदाही तोडलं नाही. झोपेचं औषध दिलं, दरीबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं, मावशीला बाजूला घेऊन त्याला एकटं सोडू नका म्हणाल्या. मग गाडीत बसता बसता त्यांनी इद्देर या शब्दाचा अर्थ पुन्हा विचारला, आणि स्वतःशीच तो पुटपुटून पाहिला.

इद्देर पाण्याच्या पाटावर जाऊन उर स्सिन्घ घोकत बसायचा. पाणी वाहायचं, तो म्हणायचा. बाया हंडे भरताना ऐकायच्या. पहिल्यांदा एक हसली, "ह्याचा घसा बसलाय का ग?" मग कुणीतरी तिला दटावलं. दुसऱ्या दिवशी त्याच बाईनं जाता जाता न थांबता तो शब्द नीट म्हणून दाखवला आणि हंडा घेऊन पुढे गेली.

मग एक सकाळ उजाडली. इज्जा जात्यावर बसली. दळायला जव फारसे उरलेच नव्हते. मूठभर होते, तेच ती पुन्हा पुन्हा घालत होती. तिनं दोन ओळी गायल्या आणि थांबली. घरघर चालू राहिली.

इद्देर तंबूच्या कडेनं आला आणि समोरच्या मोकळ्या जागी बसला. पुरुष जात्याला बसत नाहीत. खळ्यावरच्या बाया वळून बघायला लागल्या. त्यानं हात पुढे केला आणि खुंट्याला लावला, तिच्या हाताच्या खाली. खुंटा फिरत होता, त्याचा हात त्याबरोबर ओढला गेला. आई थांबली नाही. वरही पाहिलं नाही.

त्यानं घोकलेलं सगळं गोळा केलं. तोंड उघडलं. आणि जीभ घसरली. दुधाच्या दातांचं पोर स्वतःला नावानं संबोधतं, बाळ पडलं, बाळाला भूक लागली, तसं त्याच्या तोंडून निघालं:

"इद्देर... उर इस्सिन."

इद्देरला माहीत नव्हतं.

ना चाल, ना यमक. त्या बोलीत वाकडंतिकडं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं. ऐकणाऱ्या बायांना त्यात दोन्ही ऐकू आलं असेल: इद्देर नावाच्या माणसाला कळलं नाही, आणि इद्देर हा शब्दच कळला नाही. त्याला काहीच ऐकू आलं नाही. चुकलो, एवढंच कळलं, आणि आता पुन्हा म्हणायचं बळ नव्हतं. त्याचा हात खुंट्यावरून सुटायला लागला.

जातं थांबलं.

इज्जा त्याच्या तोंडाकडे पाहत होती. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. रांगतं पोर पहिला शब्द वाकडा बोलतं तेव्हा आई बघते तशी. ती पुढे झुकली आणि अगदी सावकाश, एकेक अक्षर वेगळं करून, शेवटचा घ घशाच्या तळातून काढत म्हणाली:

"उर... स्सिन्घ."

ती त्याची चूक सुधारत होती की स्वतःचं सांगत होती, मला माहीत नव्हतं, हे त्याला समजलं नाही. तेवढी भाषा त्याला येत नव्हती. विचारायला बिही नव्हता.

"उर स्सिन्घ," तो म्हणाला. या वेळी घ आला.

"उर स्सिन्घ," ती म्हणाली.

तिनं खुंट्यावरचा त्याचा सुटू पाहणारा हात वर ओढला आणि आपल्या हाताखाली दाबला, तसाच, जसा त्या सकाळी दगडांवर दाबला होता. जात्यात दाणा उरला नव्हता. तरी दोघं फिरवत राहिले, दगडावर दगड, रिकामा.